दोन डोक्यांचे हेल्मेट

मित्रांनो, मी हेलिकॉप्टरमध्ये घालायचे एक जुने हेल्मेट आहे. कोणाचे, ते मात्र मला नीट सांगता येत नाही. माझी हकीकत ऐका आणि तुम्हीच ठरवा.

एल साल्वादोरच्या लढाईत चार वर्षे मी आमिल्कारच्या डोक्यावर होते. तो हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात बसायचा आणि खाली उतरले की जखमींना आत ओढून घ्यायचा. माझ्या आत कानाशी आवाज यायचा, तोंडासमोर माईक होता. त्याच्या घामाचा वास माझ्या अस्तरात पार मुरला होता.

पुढे तहाची बोलणी सुरू झाली. नाताळ झाला की सगळे घरी, असे तळावर जो तो म्हणू लागला. डिसेंबरातल्या एका सकाळी आमिल्कारला हिवतापाने हुडहुडी भरली. त्याचा मित्र रुतिल्यो त्या दिवशी सुट्टीवर होता. तुझ्या जागी मी जातो, तू पडून राहा, असे तो म्हणाला. त्याचे हेल्मेट दुरुस्तीला गेले होते, म्हणून त्याने मला उचलले. मी त्याला सैल होत होते. तो मान वळवायचा आणि मी जरा मागाहून वळायचे.

डोंगरावर पोचल्यावर तो माईकमधून म्हणाला, "कॅप्टन, खाली अंगणात कुणीतरी कॉफी वाळत घातलीय. आपल्या वाऱ्यानं सगळी उडून जाईल. जरा ओढ्याच्या बाजूनं घ्या ना."

"का रे, मालक तुला वाटा देणार आहे?" कॅप्टन हसला आणि त्याने हेलिकॉप्टर वळवले.

ओढ्याकाठच्या झाडीतून गोळी आली. ती रुतिल्योच्या छातीत लागली. मला ओरखडाही उठला नाही. मित्रांनो, डोके वाचवणे हे माझे काम. त्याचे डोके तर शाबूत होते. मग मी काम केले की नाही?

महिन्याभरात तह झाला, चर्चच्या घंटा वाजल्या. त्याच्या कपड्यांबरोबर मलाही त्याचेच समजून त्याच्या आईकडे पाठवले गेले. एदुविखेसबाई गावात पुपुसा विकत. मक्याच्या पिठात चीज भरून त्या थापत आणि तव्यावर भाजत. पहिल्या दिवशी त्यांनी मला नाकाशी धरले, क्षणभर थबकल्या आणि मग फोटोशेजारी ठेवले. शेजारणी माझ्याकडे पाहून हळहळत. त्या माउलीला फसवून मी या घरात घुसले आहे, असे मला वाटे.

तीन वर्षांनी आमिल्कार आला. त्याच्यापुढची पुपुसा निवून गेली, तरी त्याने घास घेतला नाही. शेवटी तो म्हणाला, "काकू, हे हेल्मेट माझं आहे. त्या दिवशी पाळीसुद्धा माझीच होती."

बाईंचा हात पीठ थापतच राहिला.

"हेल्मेट त्याचं नाही, ते मला ठाऊक होतं. त्याचं डोकं मी इतकी वर्षं विंचरलं, मला मोठं-लहान कळणार नाही? वासही त्याचा नव्हता. म्हटलं, ज्याचं असेल तो येईल. फार उशीर केलास बाबा."

आमिल्कार मान खाली घालून रडू लागला. बाईंनी निवलेली पुपुसा उचलून गरम वाढली आणि हळूच विचारले, "शेवटी काय बोलला रे तो?"

त्याला ते कुठून माहीत असणार? तो तापात पडला होता. कॅप्टन तर देश सोडून गेलेला. त्या खोलीत ते शब्द ऐकलेले एकटे मीच होते. पण कॉफीचे कळले असते तर बाईंना अभिमान वाटला असता, की परक्याच्या मूठभर बियांसाठी लेक गेला म्हणून त्या जन्मभर झुरल्या असत्या? मला अजून उमगलेले नाही.

आमिल्कारने मला नेले नाही. "इथंच राहू दे, पण पुसायला तू येत जा," असे बाईंनी त्याला बजावले. तो दर रविवारी येतो, ओल्या फडक्याने मला पुसतो आणि जेवून जातो. कधी कधी बाई पुन्हा तेच विचारतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा, पण त्या बोलतील याची वाट पाहू नका. कोणाचे शेवटचे शब्द तुमच्या कानी पडले असतील, तर त्याच्या घरी जा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.