होडी नाकापेक्षा जड

चर्चच्या जत्रेत ओविद दरवर्षी सोडतीचं एक तिकीट घ्यायचा आणि दरवर्षी रिकाम्या हाताने घरी यायचा. एकदा मात्र त्याला केक लागला होता. तोही त्याच्या बायकोनेच, ओदालीने, जत्रेसाठी करून दिलेला.

"देवाला माझा पत्ता ठाऊक आहे," तिकीट टोपीच्या पट्टीत खोचताना तो म्हणायचा. "सवडीने येईल."

या वर्षी देव आला. फादर लामने पिंपात हात घालून चिठ्ठी काढली, चष्मा पुसला आणि ओविदचं नाव वाचलं. बक्षीस होतं नवीकोरी होडी. ॲल्युमिनियमची, मागे काळंभोर इंजिन, खाली ओढून न्यायला चाकांचा गाडा. ओविदची जुनी लाकडी होडी मागच्या मोठ्या वादळाने नेली होती. ती नंतर सापडली, पण दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा झाडावर. तेव्हापासून हा माणूस लुइझियानाच्या ऐन खाडीकाठी, दारात पाणी असून, धक्क्यावर बसून गळ टाकायचा. म्हणजे लग्नघरी जाऊन उपाशी परतण्यातला प्रकार. त्या रात्री गावाने त्याला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. साप्ताहिकवाल्याने होडीत उभं करून त्याचा फोटोही काढला.

सोमवारी सकाळी व्हर्ली आली. व्हर्ली म्हणजे ओदालीची मदतनीस. ओदालीला अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तिचा डावा हात आणि डावा पाय नावालाच उरले होते. व्हर्ली आठवड्यातून तीनदा येऊन तिला न्हाऊ घालायची, केस विंचरायची, व्यायाम करून घ्यायची, आणि गावभरच्या खबरा पुरवायची. तिचा पगार सरकार द्यायचं, ओदालीच्या मेडिकेडच्या कार्डावर. गरिबांच्या औषधपाण्याचं ते कार्ड नसतं तर ओदालीची रवानगी कधीच शहरातल्या वृद्धाश्रमात झाली असती. ओविदला तिला एकट्याने उचलणं जमत नव्हतं.

व्हर्लीने अंगणातल्या होडीला एक फेरी मारली.

"काका, ही तुमच्या नावावर झाली?"

"चर्चने कागदसुद्धा दिला," ओविद म्हणाला. "शिक्क्यानिशी."

व्हर्ली पायरीवर बसली. "मग मावशीचं कार्ड गेलं म्हणा."

तिने समजावून सांगितलं. कार्डाचं नूतनीकरण याच महिन्यात होतं. नवरा-बायकोजवळ मिळून तीन हजार डॉलरच्या वर काही निघालं, की सरकारच्या लेखी ते गरीब राहत नाहीत. राहतं घर मोजत नाहीत, कबरीची जागा मोजत नाहीत. पण होडी मोजतात, आणि या होडीची किंमत अकरा हजार. लपवायची म्हटली तरी सोय नव्हती. किंमत जत्रेच्या फलकावर हातभर अक्षरात होती आणि साप्ताहिकात ओविदच्या दातांखाली छापून आली होती.

खिडकीतून ओदालीने सगळं ऐकलं. झटक्याने तिचा हात नेला होता, जीभ नव्हती नेली.

"चाळीस वर्षं देवाच्या मागे भुणभुण लावलीस," ती म्हणाली. "कंटाळला तो. घे म्हणाला एकदाची."

ओविद आधी फादर लामकडे गेला. म्हणाला, होडी परत घ्या, दुसरी चिठ्ठी काढा. फादर स्वतः कोळ्याचा मुलगा, व्हिएतनामहून आलेल्या घरातला; होडी परत करायला आलेला माणूस त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. त्याने मेडिकेडच्या कचेरीत फोन लावून विचारलं आणि तोंड पाडून सांगितलं, "परत दिलीत तर ते दान धरतात. आणि दान करणारा माणूस गरीब कसा, असं त्यांचं म्हणणं."

दुपारी ओदालीचा धाकटा भाऊ क्लोविस आला. त्याने होडीच्या बुडाला टिचकी मारून पाहिली, इंजिनाला कान लावला आणि नाक मुरडलं, म्हणजे त्याला होडी पसंत पडली.

"दाजी, नऊशेला मला द्या. घरातल्या घरात राहील."

"स्वस्तात विकली तरी दानच धरतात."

"मग बुडवा."

"नवीकोरी होडी बुडवू?"

"नवी आहे तोवरच बुडवावी. जुनी काय, आपोआप बुडते."

ओविदने त्याला कॉफी दिली नाही. यावरून क्लोविसला कळलं की दाजी खरंच घोरात आहेत.

दोन दिवस ओविद होडीभोवती नुसता घिरट्या घालत होता. एकदा आत जाऊन बसला, सुकाणूची दांडी धरली, आणि तसाच कोरड्या अंगणात बसून राहिला. शेवटी त्याने मनाशी ठरवलं. होडी पुऱ्या किमतीला विकायची. आलेल्या पैशांतून छप्पर करायचं, दोघांच्या नावाचा कबरीचा दगड घ्यायचा, आणि पुन्हा रीतसर गरीब व्हायचं. मधले दोन-तीन महिने कार्डाविना काढायचे. ते कसे काढायचे, इथवर विचार आला की तो उठून पुन्हा घिरट्या घालायचा.

बुधवारी तो टोपी हातात धरून कचेरीत गेला. तिथली रोशेल नावाची बाई त्याच्या मुलीच्या वयाची, पण बोलणं रीतीचं.

"मिस्टर ओविद, विकून पैसे खर्च झाले की पावत्या आणा. कार्ड पुन्हा चालू करू."

"तोवर व्हर्ली यायची नाही?"

"नाही."

ओविदने टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"तुमचा ट्रक आम्ही धरलेला नाही," रोशेल त्याची समजूत काढत म्हणाली. "प्रत्येक घराला एक गाडी माफ असते."

"ट्रक कशाला धरताय, पोरी? त्याचं दार दोरीने बांधलंय. बाजारात नेला तर ट्रकपेक्षा दोरीला जास्त भाव येईल."

रोशेल हसली. हसता हसता थांबली. मग खुर्ची फिरवून संगणकात डोकं घातलं आणि नियमांची पानं वर-खाली करत राहिली. ओविदला वाटलं, आपण ट्रकाबद्दल बोलायला नको होतं.

"इथे नियमात गाडी म्हणजे काय ते दिलंय," ती अखेर म्हणाली. "जाण्या-येण्याला वापरायचं कुठलंही वाहन. मोटार, मोटारसायकल, होडी, बर्फावरची गाडी, जनावराने ओढायची गाडी. आणि नुसतं जनावरसुद्धा."

"जनावर?"

"असं लिहिलंय खरं."

"म्हणजे मला सोडतीत गाढव लागलं असतं तर हा घोळच नव्हता."

"ऐका. माफ एकच. होडी माफ धरली तर ट्रक मोजावा लागेल. ट्रकचे येऊन येऊन किती येणार, पाचशे? तुमच्या शिलकीत मिळवले तरी तुम्ही तीन हजारांच्या आतच राहता." तिने बोट वर केलं. "पण होडी खरोखर जाण्या-येण्याला लागली पाहिजे. मासे मारायला नव्हे. दवाखाना, दुकान, चर्च. आणि कार्ड मिसेस ओदालीचं आहे, तेव्हा त्यासुद्धा तिच्यातनंच गेल्या पाहिजेत. मी खोटं लिहिणार नाही."

ओविदच्या तोंडावर आलेलं ऊन तिथल्या तिथे मावळलं.

कारण ओदाली होडीत बसत नसे. लग्नाच्या दिवशी वरात चर्चमधून होडीने निघाली होती. काठावर दोन्हीकडचे पाहुणे उभे. ओविद तेव्हा चोवीस वर्षांचा, बायको देखणी, सूट उसना. त्याने उभं राहून दोन्ही हातांनी सगळ्यांना निरोप दिला आणि होडी कलंडली. ओदाली पांढऱ्या झग्यासकट गाळात. वर आली ती डोक्यावर शेवाळ घेऊन. तिथेच कमरेभर पाण्यात उभी राहून तिने शपथ घेतली, आता होडीत बसेन ती शवपेटीतूनच. पन्नास वर्षं उलटून गेली. खाडीकाठी जन्म काढून होडीत पाय न ठेवलेली पंचक्रोशीतली ती एकटीच बाई.

ओविदने घरी येऊन सगळं सांगितलं. व्हर्ली ओदालीचे केस विंचरत होती.

"नाही," ओदाली म्हणाली.

"अगं, दवाखान्याला धक्का आहे. दारातून बसायचं, दारात उतरायचं."

"त्या दिवशीही दारातच उतरायचं होतं."

ओविदने टोपी खुंटीला अडकवली.

व्हर्लीने काही विनवणी केली नाही. तिने कंगवा ओविदच्या हातात दिला. "काका, पुढच्या महिन्यापासून तुम्हालाच करायचंय. आतापासून हात बसवा."

ओविदने कंगवा धरला. जन्मभर त्याने मासेच साफ केले होते, त्याला धरायची तीच एक रीत ठाऊक होती.

"अरे, खवले काढतोयस का?" ओदाली ओरडली. "शेपटीकडून नको ओढू!"

त्याने दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. ते आणखी वाईट निघालं. थोड्या वेळाने ओदालीने उजव्या हाताने कंगवा काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. ओविद तसाच मागे उभा होता. त्याचा श्वास तिला मानेवर जाणवत होता, आणि तो नीट येत नव्हता.

"शुक्रवारी," ती म्हणाली. "आणि मी सांगेन तसं."

तिने अटी सांगितल्या. बसायला स्वयंपाकघरातली खुर्ची, आणि ती होडीला दोरखंडाने बांधलेली. डोक्यावर छत्री. फादर लामने येऊन पवित्र पाणी शिंपडावं. होडीवर, तिच्यावर नव्हे, तिला पाण्याचा पुरेसा अनुभव होता. आणि शेवटची अट.

"वाटेत कुणालाही हात हलवायचा नाही. प्रत्यक्ष पोप काठावर उभा असला तरी."

"नाही हलवणार."

"बोटसुद्धा."

शुक्रवारी निम्मा गाव धक्क्यावर लोटला. फादर लामने पाणी शिंपडलं. व्हर्ली आणि ओविदने ओदालीला उचलून खुर्चीत बसवलं, व्हर्ली तिच्या पायाशी बसली. तिने छत्री उघडून धरली, ओदालीच्या उजव्या मुठीत जपमाळ गेली. क्लोविसला काळजी, म्हणून तो ओविदचा ट्रक घेऊन बांधावरच्या रस्त्याने बरोबरीने निघाला. शेजारच्या सीटवर त्याने तरंगायचं कडं घेतलं होतं. खाडीपासून तीस हात दूर ते कुणाच्या गळ्यात घालणार होता, ते त्याचं त्याला ठाऊक.

होडी निघाली, ती मडमेच्या बग्गीसारखी. ओविदने दांडी दोन्ही हातांनी धरली होती. काठाकाठाने लोक बाहेर आले. कोळंबीच्या मचव्यावरून कुणी हाका मारल्या. ज्याला-त्याला वाटलं, ओविद आता मान डोलावेल. तो पुतळ्यासारखा सरळ.

"बघा, होडी काय लागली, ओळख विसरला," कुणीतरी म्हणालं.

ओविदच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण दांडी सुटली नाही.

अर्ध्या वाटेवर बांधावरून खोकल्यासारखा आवाज आला, मग धूर आला, आणि ट्रक थांबला. क्लोविस खाली उतरून दोन्ही हात हलवायला लागला.

"तो बोलावतोय," ओविद दातांतून म्हणाला.

"दिसतंय मला," ओदाली म्हणाली. "हात हलवू नकोस."

दवाखान्याच्या धक्क्यावर रोशेल उभी होती. शुक्रवारी ती तिथे लोकांचे अर्ज भरून द्यायला यायची. होडी टेकली, खुर्ची हलली नाही, ओदालीचा झगा कोरडा होता. रोशेलने हे सगळं नीट पाहून घेतलं.

"मिसेस ओदाली, मला विचारायलाच हवं. ही तुमची जाण्या-येण्याची गाडी आहे?"

ओदाली आयुष्यात खोटं बोलली नव्हती. ओविदची सोय झाली असती तेव्हासुद्धा.

"पोरी, आमचा ट्रक मैलभर मागे मरून पडलाय," ती म्हणाली. "माझा भाऊ त्याच्या उशाशी बसलाय. मी इथे आहे. कशातनं आले, ते तूच बघ."

"ते आज झालं. मला पुढचं लिहायचंय."

ओदालीने पाण्याकडे पाहिलं. मग खुर्चीची बैठक चाचपली.

"ओविद," ती म्हणाली, "ही खुर्ची टणक आहे. पुढच्या शुक्रवारी उशी घे."

रोशेलने मान खाली घातली आणि लिहिलं.

परतताना ऊन कलतं होतं. क्लोविस अजून बांधावर, ट्रकच्या टपावर बसून होता, गळ्यात कडं. होडी दिसताच त्याने पुन्हा हात केले. ओविद दांडी घट्ट धरून पाण्याकडे बघत राहिला. पुढून छत्री मिटल्याचा आवाज आला. त्याने चोरून वर पाहिलं. ओदालीने उजवा हात वर केला होता आणि बांधाकडे, भावाकडे, तिथून पुढे काठावरच्या घरांकडे ती तो संथपणे हलवत होती.

"मला मनाई आणि तू?" तो म्हणाला.

"मी बसून हलवतेय," ओदाली म्हणाली. "शहाणी माणसं बसून हलवतात."

"क्लोविसला घ्यायचं का?"

तिने थोडा विचार केला.

"त्याला दवाखान्यात जायचंय का?"

"नाही."

"चर्चला?"

"नाही."

"मग त्याच्यासाठी होडी गरजेची नाही," ती म्हणाली. "चल. नियम म्हणजे नियम." आणि बरंच पुढे गेल्यावर म्हणाली, "वळव रे. घेऊ त्याला. जेवायला नाहीतरी आपल्याकडेच येणार आहे."