भोंग्याची मुकी बडबड

गिरणी बंद पडली तेव्हा तिचा भोंगा भंगारात गेला, पण शहरात दुसरा एक भोंगा शिल्लक राहिला. लोक त्याला याच नावाने ओळखत. कापड विणायच्या खात्यात, मागांच्या खडखडाटात उभी हयात ओरडून काढल्यामुळे हा गृहस्थ घरात नुसतं "मीठ दे" म्हणाला तरी शेजारची दारं उघडायची.

त्याच खात्यात आता विज्ञान केंद्र झालं होतं. जिथे माग धडधडायचे तिथे ग्रह-तारे दिसणार होते, सुताच्या गोदामात नाटकं होणार होती. आणि या सगळ्याची संचालक होती खुद्द भोंग्याची लेक. तिला ही नोकरी लागल्याचं कळताच बाप फिस्कारला होता, "मेलेल्या गिरणीला पावडर लावायचा पगार घेणार का तू?" तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं बंद. बोलून गेल्यावर लगेच त्याचा जीव खाली-वर झाला होता, पण माघार घ्यायची म्हटलं की नाक आडवं यायचं. नाकही काही लहान नव्हतं.

उद्घाटनाचं आमंत्रण द्यायला लेक आली तेव्हा ती आईशीच बोलली. "बाबांना आण. पण आवाज काढायचा नाही म्हणावं. माझी पहिलीच परीक्षा आहे."

"आवाज नाही ना काढायचा?" आतल्या खोलीतून भोंगा गरजला. "नाही काढत!"

यात एक मेख होती. माग चालू असताना कानाशी ओरडलं तरच ऐकू येई, म्हणून लांबच्या माणसाशी सगळं खातं नुसते ओठ हलवून बोलायचं. बायकोही त्याच खात्यातली; भोंग्याने तिला मागणीही तशीच घातली होती, मधल्या मागांवरून. पुढे लेकीपासून काही लपवायचं असलं की नवरा-बायको घरातही तसंच बोलत. होता होता भोंग्याच्या डोक्यात पक्कं बसलं, की ही त्या दोघांची खासगी भाषा आहे.

नवं सभागृह गोल होतं, मध्ये व्यासपीठ आणि भोवती खुर्च्या. बायको जुन्या मैत्रिणींना बघून समोरच्या बाजूला, निवृत्त कामगारांत जाऊन बसली. भोंग्याला जागा मिळाली बरोबर पलीकडे.

प्रमुख पाहुणे कामगारांकडे तोंड करून बोलू लागले. थोड्याच वेळात भोंग्याला राहवेना. त्याने बायकोकडे बघून ओठ हलवले, "हा पंखा नुसता फिरतोय गं, वारा काही येत नाही."

समोर हशा पिकला. पाहुण्यांना वाटलं, आपलाच विनोद लागू पडला. ते खुलले, आणि त्यांनी हातातला कागद खिशात घातला.

"मेलो," भोंगा तसाच मुक्याने म्हणाला. "आता हा बिनकागदाचा बोलणार."

पुन्हा हशा. पाहुण्यांना आणखी चेव आला. बायको ओठांनीच कळवळून सांगत होती, "अहो, गप्प बसा, सगळ्यांना कळतंय!" पण ती गप्प बसा म्हणाली की पुढचं ऐकायचं नाही, ही भोंग्याची जुनी सवय. त्याने मान फिरवली, आणि त्याची नजर व्यासपीठावरच्या लेकीवर गेली.

ती ताठ बसली होती. हातातला कार्यक्रमाचा कागद मात्र पुन्हा पुन्हा घडी घालून उलगडत होती.

"बघ कशी बसलीय," तो पुन्हा बायकोकडे वळून म्हणाला. "एवढं सगळं एकटीने उभं केलं पोरीने, आणि मी काय बोललो तिला? माझी जीभ का नाही झडली? रोज वाटतं बोलावं. पण आता कुठल्या तोंडाने बोलू?"

समोर कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पाहुण्यांना वाटलं, आपण हेलावून सोडलं सभेला, आणि त्यांनी स्वतःचाही रुमाल काढला.

हे सगळे बघतायत तरी कुठे, म्हणून लेक मघापासून त्याच दिशेने बघत होती. बाप-लेकीची नजरानजर झाली. तिचे ओठ हलले, आवाज न करता.

"लहानपणापासून मला सगळं कळतं, बाबा."

भोंगा गार पडला. सगळं? ती परीक्षेत नापास झाली तेव्हा बायकोला "मारू नकोस, मीही नापासच व्हायचो" म्हटलं होतं, तेही? मग त्याने समोर पाहिलं. अख्खं खातं त्याच्या तोंडाकडे टक लावून बसलं होतं. आता लपवायला उरलंच काय होतं? तो उठला आणि छाती भरून ओरडला,

"चुकलो गं पोरी!"

काचा थरथरल्या. पाहुणे मटकन खाली बसले. लेक व्यासपीठावरून उतरली, बापापाशी आली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसत-रडत म्हणाली,

"ऐकू आलं, बाबा. अख्ख्या शहराला ऐकू आलं."