हात न लावलेली पॉलिसी

लातूरच्या एका दातांच्या दवाखान्यात मी विम्याच्या टेबलावर बसते. पहिले सहा महिने मोठ्या उपचाराचा खर्च मिळत नाही, ठरलेल्या रकमेच्या वर कंपनी दमडी देत नाही, वर्ष संपलं की न वापरलेलं बुडालं, हे दिवसभर सांगून माझंच तोंड दुखतं. लोक वैतागतात, मग मीही त्यांच्यावर वैतागते.

गेल्या मार्चात मी आईचीही अशीच दातांच्या विम्याची पॉलिसी काढली. आई उमरीला राहते, शाळेत खिचडी शिजवते. कधी दात दुखला तर तिची आबाळ नको, एवढाच माझा विचार.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी घरी गेले तर ती भाकरी वरणात कुस्करून नुसती गिळत होती. उजवा गाल सुजलेला, तोंडाला लवंगेचा वास.

"कधीपासून दुखतंय?"

"आखाडापासून आसंल."

म्हणजे आठ महिने! दिवाळीत मी आले होते, तेव्हा डाव्या बाजूनं चावून तिनं वेळ मारून नेली होती. माझं टाळकंच फिरलं.

"आई, पॉलिसी काय पेटीत ठेवायला काढली होती का मी?"

"वरडू नको. आठ दिवसच ऱ्हायलेत तिचे," आई समजुतीच्या सुरात म्हणाली. "म्या हात न्हाई लावला तिला. आता तुझे समदे पैसे वापस येतील."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबांनी आयुर्विमा काढला होता. दर पाच वर्षांनी त्याचे पैसे यायचे, आईची शिलाई मशीन त्यातूनच आलेली. पॉलिसी मोडायची नसते, मुदत भरू द्यायची असते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. माझी कमाई वाया जाऊ नये म्हणून या बाईनं आठ महिने कळ काढली. मला तिचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

"आई, ह्यात पैसे परत येत नसतात गं. दात दुखला की खर्च देतात. वापरलं नाही तर गेलं."

तिनं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

"मंग तू कुठं सांगितलंस? हितं सही कर म्हनलीस, मी केली."

खरंच होतं. दिवसाला चाळीस परक्या माणसांना समजावणाऱ्या मी आईला फक्त सहीची जागा दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी तिला लातूरला आणलं. डॉक्टर ऋतुजा मॅडमनी दाढ तपासली. "दिवाळीत आणलं असतं तर रूट कॅनॉल करून वाचली असती. आता काढावीच लागेल." दिवाळीत सहा महिने उलटून गेले होते, कंपनीनं खर्चही दिला असता. हे मी आईला सांगितलं नाही.

दाढ काढल्यावर गालात कापसाचा बोळा धरून ती माझ्या टेबलासमोर येऊन बसली. पुढच्या वर्षाचा फॉर्म मी भरूनच ठेवला होता. सवयीनं तो तिच्यापुढे सरकवला आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं.

आईनं पेन घेतलं, पण सही केली नाही. बोलता येत नव्हतं तिला. माझं बोट धरून तिनं ते कागदाच्या अगदी वर, पहिल्या ओळीवर नेऊन ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

मागे चार पेशंट ताटकळत होते. मी वाचायला सुरुवात केली.