वाळलाय गं

“शी! काय गं हा? वाळून काडी झालाय नुसता! खायला घालतेस की नाही?”

वनमालाबाईंनी असं म्हटलं आणि त्यांच्या हातातल्या गलेलठ्ठ बाळाची आई खूश होऊन हसली. बाकावर नंबर लावून बसलेल्या बाकीच्या बायकाही हसल्या. बाळाच्या मांड्यांना वळ्या पडल्या होत्या, गालांनी डोळे जवळजवळ झाकले होते. वनमालाबाईंनी तोंड वाकडं करून त्याला काट्यावर ठेवलं, “वाळलाय, वाळलाय” म्हणत वजन लिहिलं आणि आईच्या कडेवर परत दिलं. आई निघाली ती जग जिंकल्यासारखी.

अंधेरीला सात बंगल्याच्या पुढे एका इमारतीच्या तळमजल्यावर ट्रस्टचा हा दवाखाना होता. दोन खोल्या, एक बाकडं, भिंतीला टेकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. ज्यांच्या अंगात रक्त नाही, ज्यांना दूध येत नाही, ज्यांची मुलं जन्मतःच मूठभर, अशा बायका इथे येत. काही खाडीकडच्या झोपड्यांतून, काही वेसाव्याच्या कोळीवाड्यातून. औषध फुकट, तपासणी फुकट. श्रुतिका मॅडम डॉक्टर, त्या आठवड्यातून तीन दिवस यायच्या. वनमालाबाई मात्र रोज. कागदोपत्री त्या आया होत्या, पण कोळीवाड्यात दवाखान्याचं नाव कुणी घेत नसे. “मावशीकडे जाऊन येते,” असंच म्हणत.

हे काही आपोआप झालं नव्हतं. सुरुवातीला बायका मूल काट्यावर ठेवूच देत नसत. “वजन करायला पोऱ्या काय म्हावरा हाय?” असं एका कोळणीने तोंडावर विचारलं होतं. तेव्हाचे डॉक्टर पुण्याचे, फार हौशी. त्यांनी एकदा “वा, काय गुटगुटीत!” म्हणून एका मुलाचा गालगुच्चा घेतला. ती बाई तिथेच तीनदा थुंकली आणि गेली ती पुन्हा फिरकली नाही. वनमालाबाई मालवणच्या. धडधाकट मुलाला धडधाकट म्हणायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक बाळसेदार मुलाला नावं ठेवायला सुरुवात केली आणि बाकडं भरायला लागलं. पुढे पुढे तर त्या शब्दाला भाव आला. मावशी ‘वाळलाय’ म्हणाली की समजावं, पोर सुखरूप आहे. जे मूल खरोखर अशक्त असे, त्याला मात्र त्या काहीच म्हणत नसत. “बरं हां. सोमवारी ये परत,” एवढंच म्हणून पाठीवरून हात फिरवत.

दिपालीला दोन महिने हेच ऐकावं लागत होतं.

दिपाली कोळीवाड्यातली. माहेर उत्तनचं. नवरा कृणाल बोटीवर जायचा, सासू सोनूबाई बाजारात म्हावरं विकायची. आधीची दोन पोटातच गेली होती, त्यामुळे हा तिसरा जन्मला तेव्हा सोनूबाईने आळीभर पेढे वाटले होते. पण पोर अंग धरत नव्हतं. दोन घोट पिऊन दमायचं, कपाळाला घाम यायचा आणि झोपी जायचं. मॅडम औषधं बदलत होत्या. दिपाली दर खेपेला बाकावर बसून इतरांच्या मुलांना नावं ठेवलेली ऐकायची आणि आपला नंबर आला की वनमालाबाईंच्या तोंडाकडे आशेने बघायची. तिथे “बरं हां” शिवाय काही नसे.

त्या गुरुवारी मॅडम नव्हत्या. गर्दी मात्र होती. वनमालाबाईंनी दिपालीचं बाळ हातात घेतलं. मांडीची कातडी सैल पडली होती. त्यांनी काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, उचलून पुन्हा ठेवलं. मागच्या वेळेपेक्षा वजन वाढलं तर नव्हतंच, उलट उतरलं होतं. त्या बाळाकडे बघत राहिल्या आणि जे दिसत होतं तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

“दिपाली, वाळलाय गं हा.”

क्षणभर दिपालीचा कानांवर विश्वास बसेना. मग तिचा चेहरा असा काही फुलला, की वनमालाबाईंना आपण काय बोलून बसलो ते कळलं.

“चला! दिपालीचा पण वाळला एकदाचा!” बाकावरून कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या हसल्या.

“हसतेस काय? खरंच सांगतेय मी,” वनमालाबाई म्हणाल्या. “उद्या मॅडम आहेत. सकाळी घेऊन ये ह्याला. यायचंच हां, काही झालं तरी.”

“हो मावशी, आणते ना!” दिपाली हसतच म्हणाली. ‘खरंच सांगतेय’ हेसुद्धा थट्टेचंच शेपूट असतं, वनमालाबाई सगळ्यांनाच तसं म्हणत. आत कुणाचं तरी मूल उलटी करत होतं, फोन वाजत होता. हिला बाजूला घेऊन नीट सांगायचं असं त्यांनी मनाशी ठरवलं. त्या आत जाऊन उलटी पुसून बाहेर आल्या तोवर दिपाली रिक्षात बसून गेली होती.

संध्याकाळी त्यांनी मॅडमना फोन केला. “मॅडम, सोनूबाईचा नातू. वजन उतरलंय. मला लक्षण ठीक दिसत नाही.”

“उद्या पहिला नंबर त्याचा,” मॅडम म्हणाल्या. “चिठ्ठी देऊन सरळ मोठ्या हॉस्पिटलात पाठवू.”

शुक्रवारी पहिला नंबर रिकामाच राहिला. वाट बघून बघून वनमालाबाई मॅडमना सांगून कोळीवाड्यात गेल्या. सोनूबाईच्या दाराला कुलूप होतं. शेजारची लता ओट्यावर सुकट निवडत बसली होती.

“ती सगळी कार्ल्याला गेली टेम्पो करून,” ती म्हणाली. “एकवीरा आईला पोऱ्या दाखवायचा होता ना, नवसाचा. सोनूबाई थांबलेली, बोलली पोऱ्या जरा सुधरू दे. काल दिपाली नाचतच आली. मावशी पण वाळलाय बोलली, आता कसली भीती? नाव पण तिथेच ठेवणार.”

वनमालाबाईंनी तिथेच दिपालीला फोन लावला, मग कृणालला लावला. दोन्ही फोन लागेनात. लता म्हणाली, “गडावर रेंज नाय भेटत मावशी. येतील ना रविवारी. काय झालं?” वनमालाबाईंनी काही सांगितलं नाही. शेजारणीला सांगून काय होणार होतं? घरी, कांदिवलीला, त्या रात्री आणि शनिवारीही त्या फोन लावत राहिल्या, पण लागला नाही.

रविवारी परतीच्या वाटेवर पोराने पिणं सोडलं. टेम्पो तसाच मोठ्या हॉस्पिटलात नेला. तिथल्या डॉक्टरांनी हृदयातच दोष असल्याचं सांगितलं, दोन-तीन दिवस आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं असंही सांगितलं. हे शेवटचं वाक्य त्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. मंगळवारी पोर गेलं.

बुधवारी वनमालाबाई गेल्या तेव्हा दार उघडं होतं आणि आळीतल्या बायका ओट्यापर्यंत दाटल्या होत्या. आत कृणाल भिंतीला टेकून मान खाली घालून बसला होता. दिपाली कोपऱ्यात. तिच्या ब्लाउजवर दुधाचे डाग पडले होते, ते झाकायचंही तिला भान नव्हतं. आणि सोनूबाई बोलत होती. रडणं संपलं की माणूस जसं बोलतं तसं, कोरड्या आवाजात.

“हसत आली ही घरी. हसत! मना बोलली, मावशी वाळलाय बोलली. अरे, मावशी काय पन बोलंल, तू आयस हायस क कोन? तुज्या मांडीवर पोऱ्या, तुला दिसत नाय?”

“दोन पोटात गेले, हा हातातून गेला,” सोनूबाईची जाऊ म्हणाली. “पाठव तिला उत्तनला. कृणालचं वय काय गेलं नाय.”

कृणालने मान वर केली नाही. तो गप्प बसला म्हणजे ठरल्यातच जमा होतं. वनमालाबाईंना ते कळलं आणि त्या उंबऱ्यातच थांबल्या.

सोनूबाईची नजर त्यांच्यावर गेली. “ये. तूच सांग आता सगळ्यांसमोर. तू थट्टा केलीस, क खरं बोललीस? लता बोलते तू शुक्रवारी शोधत आलतीस. म्हणजे तुला ठाव होतं. तू खरं सांगितलं असशील आन ही बाय दात काढत घरी आली असंल, तर मना ही घरात नको.”

दिपालीने डोळे वर केले. त्या डोळ्यांत विनवणी नव्हती. तिलाही तेच जाणून घ्यायचं होतं.

“थट्टा केली,” वनमालाबाई म्हणाल्या.

“काय?”

“थट्टाच केली. गर्दी होती. सगळ्यांना म्हणते तसं म्हटलं. मला काही दिसलं नाही, माझं लक्षच नव्हतं. शुक्रवारी आले ती औषध द्यायला आले होते.” त्यांचा आवाज जराही हलला नाही. “मी बोलले ते तिने ऐकलं. तिचा काय दोष?”

“मावशी,” दिपाली पहिल्यांदाच बोलली, “तुम्ही तर म्हणाला होता, खरंच—”

“गप ऱ्हव गो तू!” वनमालाबाई खेकसल्या. दवाखान्यात कधी न काढलेला गावाकडचा सूर त्यांच्या तोंडून निसटला. दिपाली वनमालाबाईंकडे बघत राहिली आणि मग तिने पदर तोंडाला लावला.

मग सोनूबाई उठली. पोरं हाताळण्यात जन्म गेला नि तुला कळलं नाय? माज्या नातवाचं तुला लक्ष नव्हतं? तुजे हात झडोत, तुज्या जिभेला किडे पडोत, असं म्हणत तिने वनमालाबाईंची पिशवी उचलून ओट्याखाली फेकली. जावेने दंडाला धरून बाहेर ढकललं. बायकांनी वाट करून दिली. ज्यांची मुलं वनमालाबाईंच्या हाताखालून गेली होती, त्यांनीही तोंडं फिरवली. पिशवीतला डबा उघडून भात सांडला होता. तो गोळा करायला वाकल्या तेव्हा त्यांना आतून सोनूबाईचा हंबरडा ऐकू आला. त्यांनी वळून बघितलं. सोनूबाई दिपालीला छातीशी धरून रडत होती आणि दिपालीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं रडता येत होतं.

ओट्यावरून उतरून मासळी वाळत घातलेल्या वलांडीखालून वनमालाबाई चालत निघाल्या. आपण खोटं बोललो असं त्यांना वाटेना. त्या गुरुवारी त्या खरं बोलल्या होत्या हे खरं, पण खरं बोलायला त्यांच्याकडे दुसरा शब्द उरला नव्हता, हेही खरंच होतं. इतकी वर्षं तो शब्द त्यांनीच उलटा करून ठेवला होता. रडू आलं, ते त्यांनी रस्त्यातच रडून घेतलं.

बातमी पसरायला दुपार पुरली. शुक्रवारी दवाखान्यात बाकावर थोड्याच बायका होत्या आणि त्या आपसात हळू बोलत होत्या. श्रुतिका मॅडमनी वनमालाबाईंना आत बोलावलं, दार लावून घेतलं.

“हे काय ऐकतेय मी? तुमचं लक्ष नव्हतं? तुम्ही त्याच संध्याकाळी मला फोन केला होतात मावशी! ट्रस्टींचाही फोन येऊन गेला, तुम्हाला काट्यावरून काढा म्हणतायत. मी आत्ता जाऊन सांगते कोळीवाड्यात.”

“नको मॅडम.”

“का नको? तुमचं नाव खराब होतंय!”

“तिला त्या घरात राहायचंय,” वनमालाबाई म्हणाल्या. “माझं काय, मी संध्याकाळी घरी जाते.”

मॅडमनी टेबलावरचं पेन सरळ केलं. “ट्रस्टींना मी बघते,” शेवटी त्या म्हणाल्या.

वनमालाबाई बाहेर आल्या. काटा पुसला आणि पुढचा नंबर पुकारला. कोळीवाड्यातली सपना उठली. तिच्या थोरल्याला वनमालाबाईंनीच तिसऱ्या दिवसापासून वाढताना बघितलं होतं. आता कडेवर धाकटी होती, चांगली टपोरी. वनमालाबाईंनी सवयीने दोन्ही हात पुढे केले.

सपनाने मुलीला अंगाशी घट्ट धरलं. मग काट्याजवळ येऊन तिने स्वतःच तिला पारड्यात ठेवलं आणि तिच्यावर आडवा हात धरून उभी राहिली.

वनमालाबाईंनी हात मागे घेतले, पदराला पुसले. आकडा स्थिर होईपर्यंत थांबल्या, आणि तेवढाच वाचून सांगितला.