हिरव्या काचेची भुकटी

खलात हिरवी बांगडी अर्धीच फुटली होती — एक कमानदार तुकडा बत्त्याखालून निसटून पुन्हा पुन्हा कडेला जाऊन बसत होता आणि सीमाला त्याचा राग येत होता. काचच तर आहे. एम.एस्सी.च्या पोरांना आज क्ष-किरणांखाली गारगोटी आणि काच शेजारी शेजारी दाखवायची होती. काच कुठलीही चालली असती, कपाटात फुटके बीकर पडलेच होते... पण सकाळी अमरावतीच्या खोलीतून निघताना तिनं मुद्दाम हीच पर्समध्ये टाकली. एकदाचं संपवून टाकू, म्हणून.

गोपाल, तिचा नवरा, गेला तेव्हा अकोटच्या घरी बाया जमल्या, कुणीतरी तिचं मनगट धरलं — आणि माणिकबाई, तिच्या सासूबाई, ज्यांचा पोटचा पोरगा ओसरीत निजवलेला होता, त्या मध्ये येऊन बसल्या. साबणाच्या पाण्यानं एकेक बांगडी अख्खी उतरवत राहिल्या. "फोडाच्या नाई," एवढंच म्हणाल्या. "ठेव माय. मन झालं त घालजो." त्यातली ही एक ती सोबत घेऊन आली होती.

दळता दळता हिरवा रंग गेला. आता ही भुकटी आणि गारगोटीची भुकटी, दोन्ही सारख्याच पांढऱ्या. यंत्राचं दार लागलं. पडद्यावर आधी गारगोटी आली: टोकदार शिखरं, ठरल्या जागी, अणूंची तीच मांडणी दूरवर पुन्हा पुन्हा येते, त्याची ती खूण. मग काच. एक पसरट उंचवटा, बस्स... आणि सीमा त्यात शिखर शोधू लागली. काचेत ते नसतं हे तीच दरवर्षी शिकवायची, तरी वेड्यासारखी पडद्याजवळ सरकली. एखादं तरी.

"मंग काचेत काहीच नसते का, मॅडम?" मागून वर्षालीनं विचारलं.

"असतं ना. शेजारचा अणू शेजारीच असतो. पुढं मात्र तेच पुन्हा येत नाही."

दरवर्षीचंच वाक्य. पुन्हा येत नाही... आणि आपण तर अजून शनिवार धरून बसलो आहोत — गोपाल दर शनिवारसारखा अकोटच्या एसटीतून उतरेल, पिशवीत मळ्यातली वांगी, पुढच्या शनिवारीही, त्याच्याही पुढच्या. गोपाल नाही. पोरं आलेख उतरवून घेत होती आणि तिला हे आत्ता, त्यांच्यासमोर कळत होतं. त्याच्या आईनं जे फुटू दिलं नाही ते तिनं स्वतःच्या हातानं कुटलं होतं. फोन करून सांगावं का? त्या रागावणार नाहीत. हाताले काच त नाई लागली, इतकंच विचारतील... तो आवाज तिला आताच ऐकू येत होता, आणि तोच सोसवत नव्हता.