शेजारचा अनुक्रमांक

ईशान्य मुंबई सहसा एकाच खासदाराला लागोपाठ दोनदा दिल्लीला धाडत नाही. घाटकोपरच्या सुंदराबाईंना वाटे, ही आपल्याच बोटाची करणी. तरुणपणापासून लोकसभेचं एकही मतदान त्यांनी चुकवलं नव्हतं.

यंदा मात्र केंद्राबाहेरच्या टेबलावर त्यांचं नाव सापडेना. चाळ पाडून टॉवर झाला, त्यात यादीचे भागही हलले होते.

"आजी, चल ना घरी," नात माधुरी रडवेली झाली.

"गप गं. यादी घरांच्या क्रमानं लागते. माझ्या अलीकडं कायम रतनभाऊजी. त्यांना शोध."

चाळीत भिंतीला भिंत लावून राहिलेले रतन शेजवळ तेवढ्यात मत देऊन बाहेर आले. चाळीस वर्षं या दोघांनी एकमेकांच्या विरुद्धच मत टाकलं होतं.

"वहिनी, नाव गेलं? झकास! यंदा माझा माणूस आलाच म्हणायचा."

"चिठ्ठी दाखवा आधी!"

त्यांनी हसत खिशातून चिठ्ठी काढली. भाग दुसराच होता, अनुक्रमांक तीनशे शेहेचाळीस. माधुरीनं तो भाग उघडला. तीनशे सत्तेचाळीसवर सुंदराबाई!

"जा, फिरवा माझ्या मतावर पाणी," म्हणत भाऊजींनीच त्यांना हात धरून दारापर्यंत नेलं.

बाहेर येताना सुंदराबाईंनी शाईचं बोट उंच धरलं आणि भर रस्त्यात ओवी म्हटली:

"दिल्लीला गं गेला कोण, माझ्या बोटानं धाडला,
नाही केलं काम त्यानं, त्याच बोटानं पाडला!"

सगळ्यात मोठ्यानं टाळ्या रतनभाऊजींनी वाजवल्या.