रहाट कुणाचा

"ताई, आणलाय. डिकीत आहे. सांगाल तेव्हा काढतो," दातांचे डॉक्टर माझ्या कानाशी येऊन कुजबुजले आणि साळसूदपणे खुर्च्या मांडायला लागले.

पाच मिनिटांनी वायरमन आला. त्याने मला डोळा मारला आणि पाठीवरची सॅक थोपटली. त्याच्यामागोमाग शिवणकामवाल्या मावशी. त्यांच्या पिशवीतून लाकडाचं टोक बाहेर आलं होतं. पिशवी टेबलाखाली सारून त्यांनी मला खुणेनं विचारलं, टर्नरकाका आले का? नाही, म्हणून मी मान हलवली.  तिघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं, ही गोष्ट जगात फक्त दोघांना माहीत आहे. त्याला आणि मला.

नीट सांगते. आमचं हौशी कारागिरांचं मंडळ आहे. दर रविवारी सकाळी सायकलच्या दुकानामागच्या खोलीत जमतो. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. मंडळात अठरा वर्षं झाली, पण मी स्वतः साधी खुंटीसुद्धा बनवलेली नाही. "तुला तिथं खिळा तरी ठोकू देतात का गं?" असं नवरा चिडवतो. देतात की! मीच ठोकत नाही. मी माणसं गोळा करते. शुक्रवारी संध्याकाळी फोन घेऊन बसते. कोण रुसलंय, कुणाचा गुडघा धरलाय, कोण "बघतो" म्हणाला म्हणजे खात्रीनं येणार नाही, सगळं मला तोंडपाठ. हजेरीताई म्हणतात मला. "फोन उचलला नाही तर घरी येतात बरं का," असं वायरमन नव्या माणसांना घाबरवतो. तसं खोटं नाही ते. दोनदा गेलेय.

आणि मला प्रत्येक गोष्ट जास्तीची लागते. खोलीच्या किल्ल्या दोन, खुर्च्या चार जादा, बल्ब कपाटात एक राखीव. आयत्या वेळी तोंडघशी पडायचं नाही, हा माझा स्वभावच.

यंदा आम्ही सगळ्यांनी मिळून गोट्यांचं यंत्र करायला घेतलं होतं. मुलांच्या दवाखान्यात, आयाबाप पोरांना घेऊन ताटकळत बसतात त्या खोलीत लावायला. प्रत्येकानं घरी एक पेटी करायची. गोटी एका पेटीतून दुसरीत घरंगळत जाणार, वाटेत घंटा वाजवणार, गिरक्या घेणार आणि शेवटी तळाशी पडणार. तिला तिथून उचलून परत वर नेणारा रहाट हे सगळ्यात अवघड काम. वहीत त्याच्यापुढं मी नाव लिहिलं टर्नरकाकांचं. कुणाला विचारायचीसुद्धा गरज नव्हती. काका चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर होते. डॉक्टरांना कानस धरायला त्यांनी शिकवलं, मावशींना करवत त्यांनी शिकवली. मंडळातल्या निम्म्या लोकांचे हात त्यांच्याकडूनच वळलेत.

दोन महिन्यांपूर्वी मी फोन केला तेव्हा काकूंनी उचलला. म्हणाल्या, "हल्ली कप दोन्ही हातांनी धरतात गं. इस्पितळातले डॉक्टर म्हणतात, आता हे असंच राहणार. तू मात्र त्यांच्यापाशी काही बोलू नकोस हं."

मी बोलले नाही. पण गप्प बसेन तर ती मी कसली? वायरमनला गाठून म्हटलं, गुपचूप एक रहाट करून ठेव, असू दे हाताशी. मग वाटलं, याचा काय भरवसा? म्हणून डॉक्टरांना सांगितलं. मग वाटलं, डॉक्टरांना दवाखान्यातून वेळ कुठला! म्हणून मावशींना. तिघांनाही शपथ घातली. आणि तिघांनीही, बघा ना, वेळेत काम केलं. एरवी एका स्टुलाला वर्ष लावतात मेले!

काका आले ते साडेनऊला. इस्त्रीचा सदरा, खिशात पेन्सिल. हातातला पुठ्ठ्याचा खोका त्यांनी टेबलावर ठेवला आणि आतून एक लाकडी चाक काढलं. सुरेख होतं. कडेनं बारा वाट्या कोरलेल्या, एकेक गोटी अलगद बसेल अशा. त्यांनी ते माझ्यासमोर धरलं.

"भोक बघ."

बघितलं. आस घालायचं भोक मध्यावर नव्हतं. चांगलं गव्हाभर सरकलं होतं.

"हे सहावं चाक," काका म्हणाले. "ड्रिल टेकवायला जातो आणि हात उडतो. माझ्याच्यानं नाही झालं. मंगळवारी दवाखान्याचे लोक यंत्र न्यायला येणार. तुमची सगळ्यांची कामं मी अडवून ठेवली. माफ करा मला."

 काका चाक घेऊन उभेच होते आणि चाक थरथरत होतं. मावशींना ते बघवेना. "अहो काका, एवढं काय मनाला लावून घेता? माझ्याकडे आहे ना एक," असं म्हणून त्यांनी पिशवी वर काढली.

"तुमच्याकडे?" वायरमन ओरडला. "मग ताईंनी मला कशाला सांगितलं?"

"तुलाही?" डॉक्टर म्हणाले.

मग तिघांनीही माझ्याकडे बघितलं. धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं.

काका खुर्चीवर बसले. "किती जणांना सांगितलंस?"

"तिघांना."

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मी सोडून." आवाज चढला नव्हता, पण त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "अठरा वर्षं दर शुक्रवारी फोन करतेस. काका, येताय ना? काका, येताना कानस आणा. मग काका, जमतंय का, एवढं विचारायला तुझी जीभ का रेटली नाही?"

"भीती वाटली," मी म्हटलं.

"कसली?"

"तुम्ही नाही म्हणाल, आणि मग यायचंच बंद कराल."

काकांनी चाक टेबलावर ठेवलं. "आणि मी सहा चाकं वाया घालवली ती कशाला? नाही म्हटलं तर तू फोन करायचं बंद करशील म्हणून."

मला रडू फुटलं. चारचौघांत, या वयात. डॉक्टरांनी रुमाल पुढं केला. "काका, चुकलं माझं. साफ चुकलं," एवढंच मला म्हणता आलं.

"चुकलंच," काका म्हणाले. "बरं, आता डोळे पूस. आणि ठेवा ते तिन्ही रहाट इकडे. बघू तरी काय दिवे लावलेत."

तिन्ही टेबलावर आले. डॉक्टरांचा तारेचा, नाजूक, चकचकीत. "गोटी आहे डॉक्टर ही, दात नाही. दहा दिवसांत वाकेल." वायरमनचा मोटारीचा होता, दणकट. त्यानं बटण दाबलं तसा खडखडाट सुरू झाला. "दवाखान्यात लावायचाय बाबा, गिरणीत नाही." वायरमनचं तोंड एवढंसं झालं. मावशींनी जाड कापडाच्या पट्ट्याला खिसे शिवले होते. पट्टा दोन रुळांवरून फिरे आणि गोट्या खिशात बसून वर जात, आवाज म्हणून नाही. काकांनी तो चार वेळा फिरवून पाहिला.

"हा लावा," ते म्हणाले. "मला हे सुचलं नसतं."

मावशी नव्या नवरीसारख्या लाजल्या.

मग काकांनी पट्ट्याच्या लाकडी चौकटीवरून बोट फिरवलं आणि थांबले. "लाकूड घासलं नाहीत मावशी. पोरांच्या बोटात कूस जाईल."

मी वही उघडली. रहाटापुढचं काकांचं नाव खोडलं आणि मावशींचं लिहिलं. काका बघत होते. 

"काका," मी विचारलं, "तुमच्या नावापुढं काय लिहू? काय जमेल?"

त्यांनी उजवा हात समोर धरला आणि जरा वेळ त्याच्याकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं बघितलं.

"घासकाम लिही," ते म्हणाले. "त्याला हात हलवावा लागतो. माझा आपोआप हलतो."

हसावं की नाही, कुणाला कळेना. आधी काका स्वतः हसले, मग वायरमन. मला काही हसू आलं नाही. मी लिहिलं. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं, मान डोलावली आणि हात पुढं केला.

"पॉलिश पेपर दे. ऐंशी नंबरचा भरड नको, एकशेवीसचा बारीक."

मी दिला. मावशींची चौकट मांडीवर घेऊन काका खिडकीपाशी बसले आणि घासायला लागले.